आळशी वायू आणि पोलादी सांधा

जालना शहराच्या इतिहासात पाण्याच्या नळांना जुने स्थान आहे. जमशेदखान या अंमलदाराने शहराच्या पश्चिमेला मोठा तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून त्याचे पाणी गावातल्या हौदांपर्यंत आणले. पुढे निजामाच्या राजवटीत कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचे पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहराकडे आले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याचे घसे कोरडे पडले, तेव्हा सगळ्यांचे डोळे जायकवाडीहून येणाऱ्या नळाकडे लागले होते. नळ कोणत्याही काळातला असो, मातीचा असो की पोलादाचा, त्याचा जीव सांध्यात असतो. फुटतो तो बहुधा सांध्यात आणि गळतो तोही सांध्यातच.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण शहराच्या जुन्या व्यापारी वैभवाची आठवण देते. आजचे जालना मात्र पोलादाचे गाव आहे. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळते, त्याच्या कांड्या ओतल्या जातात आणि त्यांपासून बांधकामाच्या सळ्या लाटल्या जातात. या कारखान्यांत पोलादाइतकेच पाणीही खेळत असते. भट्टीच्या वेटोळ्यात पाणी असते, तापलेली सळई झटक्यात थंड करायलाही पाणी लागते. बंदिस्त पाणी आणि वितळलेले पोलाद यांची गाठ पडली, तर क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. म्हणून इथल्या पाइपाचा प्रत्येक सांधा पक्का हवा. आणि कारखाना थांबून राहणे परवडत नसल्याने तो लवकरही हवा.

पक्का आणि लवकर या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात का? वर्कशॉपमध्ये ज्याला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात, त्या पद्धतीच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर आहे. पुस्तकात तिचे नाव ‘टंग्स्टन इनर्ट गॅस’, म्हणजे ‘टिग’ वितळजोडकाम असे असते. रोजचे बहुतेक जोडकाम आजही साध्या रॉडने होते. पण बॉयलरची नळी, उच्च दाबाचा पाइप, दूधसंघातला वा औषध कारखान्यातला स्टेनलेस पोलादाचा नळ असे नाजूक काम आले की आर्गनचा सिलिंडर बाहेर निघतो. हा वायू करतो काय? काहीच करत नाही. आणि त्यासाठीच त्याला पैसे मोजावे लागतात.

शत्रू कोण?

धातूचे दोन तुकडे जोडणे वरवर सोपे वाटते. वितळवायचे, एकमेकांत मिसळू द्यायचे आणि थंड करायचे. मेणाचे दोन तुकडे असे सहज जोडले जातात. धातूचे जुळत नाहीत, याचे कारण हवा. तापलेल्या धातूवर ऑक्सिजन लगेच ऑक्साइडचा थर चढवतो. हा थर मधे राहिला, तर दोन्ही पृष्ठभाग जवळ येऊनही एकजीव होत नाहीत.

आपल्या गावांतल्या कारागिरांना हे रसायनशास्त्र शिकण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. कल्हईवाला तापलेल्या पितळी भांड्यात नवसागर टाकतो. पांढरा धूर निघतो, भांड्याचा काळेपणा जातो आणि मगच कथील पसरते. सोनार दागिन्याला डाक लावताना टाकणखार वापरतो. टाकणखार वितळून काचेसारखा होतो, ऑक्साइड विरघळवतो आणि सांध्यावर पांघरूण घालतो. लोहार दोन लाल तुकडे ऐरणीवर ठेवून घाव घालण्यापूर्वी त्यांवर वाळू टाकतो. वाळू आणि लोखंडाचे ऑक्साइड मिळून पातळ मळी होते आणि घावासरशी बाहेर उडते. तिघांच्या युक्त्या वेगळ्या असल्या तरी शत्रू एकच आहे.

वीज आली, पण सांधा ठिसूळच राहिला

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रशियात पेत्रोव आणि इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी मोठ्या विद्युतघटमालेच्या दोन टोकांना कोळशाच्या कांड्या जोडून त्यांच्यामध्ये प्रखर प्रकाशाची प्रज्योत पेटवली. तिचे तापमान कोणत्याही भट्टीपेक्षा अधिक होते. पण तिने धातू जोडण्याची कल्पना प्रत्यक्षात यायला बराच काळ जावा लागला, कारण तेवढी वीज सतत पुरवणारे जनित्र नव्हते. १८८५ साली बेनार्दोस आणि ओल्शेव्हस्की यांनी कोळशाच्या कांडीने प्रज्योत जोडकाम करण्याचे पेटंट घेतले. लवकरच कोळशाच्या जागी धातूचीच कांडी आली. ती वितळून स्वतःच सांध्यात भरली जाई.

उष्णतेचा प्रश्न सुटला, हवेचा राहिला. उघड्या कांडीने केलेले सांधे दिसायला ठीक असत, पण वाकवले की तुटत. प्रज्योतीच्या उष्णतेने केवळ ऑक्सिजनच नव्हे, एरवी शांत असणारा नायट्रोजनही लोखंडात शिरत होता आणि त्याला ठिसूळ करत होता. या अडचणीवर स्वीडनच्या ऑस्कर चेल्बर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तोडगा काढला. त्यांनी कांडीला खनिजांचा लेप दिला. लेप जळून धूर होतो आणि वितळून मळी होते. धूर हवेला दूर सारतो आणि मळी सांध्यावर पांघरूण घालते. आज कोपऱ्यावरच्या ग्रिलच्या दुकानात दिसणारा वेल्डिंगचा रॉड तो हाच. सोनाराचा टाकणखार जणू कांडीवरच चढवलेला.

या पद्धतीने जग जोडले. तरी एक उणीव राहिली. मळी नीट बाहेर आली नाही, तर तिचा कण सांध्यातच अडकतो. पाइपाच्या बाबतीत ही अडचण मोठी असते, कारण पाइपाला आतून हात घालता येत नाही. पहिला थर, ज्याला वेल्डर ‘रूट’ म्हणतात, तो बाहेरून मारायचा आणि आतल्या बाजूनेही गुळगुळीत उतरवायचा असतो. यासाठी मळी न करता हवेला दूर ठेवणारे पांघरूण हवे होते. असा पदार्थ माणसाच्या श्वासातच होता, पण १८९४ पर्यंत तो कोणी ओळखला नव्हता.

तिसऱ्या दशांश स्थळाची गोष्ट

१७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत जादा ऑक्सिजन मिसळून तिच्यातून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि तयार झालेली संयुगे अल्कलीत शोषून घेतली. सगळा नायट्रोजन संपवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. तरी शेवटी एक बारीकसा बुडबुडा उरलाच. तो मूळ नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून अधिक नाही, अशी त्यांनी नोंद केली. त्या बुडबुड्याकडे पुढची शंभर वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

१८९० च्या सुमारास लॉर्ड रॅले वायूंच्या घनता अचूक मोजत होते. हवेतून ऑक्सिजन काढून मिळवलेल्या नायट्रोजनच्या एका लिटरचे वस्तुमान भरले सुमारे १.२५७ ग्रॅम, तर रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनचे सुमारे १.२५१ ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा होता. एखाद्याने ‘प्रयोगातील चूक’ म्हणून तो सोडून दिला असता. रॅले यांनी तो सोडला नाही. १८९२ साली त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना उघडपणे विचारले, याचे कारण कोणी सांगेल काय?

विल्यम रॅम्झी यांनी हा प्रश्न हाती घेतला. हवेतला नायट्रोजन त्यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा फिरवला. मॅग्नेशियम नायट्रोजनला खाऊन टाकते. उरला तो एक जड वायू, जो कशाशीच संयोग पावत नव्हता. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथे दोघांनी नव्या वायूची घोषणा केली. ग्रीक भाषेत आळशाला ‘आर्गॉस’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव ठेवले आर्गन. १९०४ साली रॅले यांना भौतिकीचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेला एक भारतीय धागाही आहे. जमशेटजी टाटा यांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचवायला १९०० साली जे पाहुणे भारतात आले, ते हेच रॅम्झी. त्यांनी बंगलोरची शिफारस केली आणि त्या संस्थेचे पहिले संचालक झाले मॉरिस ट्रॅव्हर्स. निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन शोधताना रॅम्झी यांना साथ देणारे ट्रॅव्हर्स ते हेच.

दिव्यापासून टॉर्चपर्यंत

आर्गनला पहिले मोठे काम मिळाले ते दिव्यात. टंग्स्टन हा सर्व धातूंत सर्वाधिक तापमानाला, सुमारे ३४२२ अंश सें. ला वितळणारा धातू. त्याची तार ओढता येत नव्हती. अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास ती ओढून दाखवली. १९१३ मध्ये आयर्विंग लँगम्यूर यांनी दाखवून दिले की दिव्यात निर्वात पोकळीऐवजी निष्क्रिय वायू भरला तर तार सावकाश झिजते. आधी नायट्रोजन, मग आर्गन असा क्रम झाला. आपल्या लहानपणी घरोघरी असणारा पिवळा बल्ब म्हणजे आर्गनच्या पांघरुणात पांढरी होईपर्यंत तापलेली टंग्स्टनची तार. वेल्डिंगच्या टॉर्चमध्येही हीच जोडी आहे. फरक इतकाच की बल्बची काच काढून टाकली आहे आणि काचेचे काम वाहत्या वायूवर सोपवले आहे.

१९२६ साली अमेरिकेत होबार्ट यांनी हेलियमच्या आणि डेव्हर्स यांनी आर्गनच्या झोतात प्रज्योत ठेवण्याच्या पद्धतींसाठी पेटंटचे अर्ज केले. पण वायू महाग आणि गरज कमी, म्हणून ते काम कागदावरच राहिल्यासारखे झाले. गरज निर्माण केली दुसऱ्या महायुद्धाने. कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप या विमान कंपनीला मॅग्नेशियमचे हलके विमान बांधायचे होते. मॅग्नेशियम हवेत वितळवणे म्हणजे फटाका पेटवणे. रसेल मेरेडिथ यांनी टंग्स्टनची कांडी आणि तिच्याभोवती हेलियमचा झोत देणारा हातात धरण्याजोगा टॉर्च तयार केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्याचे पेटंट मंजूर झाले. हेलियमवरून या पद्धतीचे नाव पडले ‘हेलिआर्क’.

इतिहासाचा एक योगायोग इथे पाहण्यासारखा आहे. १८९४ मध्ये मॅग्नेशियमने नायट्रोजनला गिळले म्हणून निष्क्रिय वायू हाती लागला. १९४२ मध्ये त्याच वायूंच्या कुटुंबाने मॅग्नेशियमला हवेपासून वाचवले.

पुढे हेलियमची जागा बहुतेक ठिकाणी आर्गनने घेतली. हेलियम हवेच्या सातव्या हिश्श्याइतका हलका, म्हणून तो लगेच वर उडून जातो. आर्गन हवेच्या जवळजवळ १.४ पट जड असल्याने सांध्यावर टिकून राहतो आणि त्यात प्रज्योत सहज पेटते. शिवाय द्रवरूप हवेपासून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या कारखान्यांत आर्गन जोडीने मिळू लागला आणि स्वस्त झाला. भारतात १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्यातून वाढलेल्या आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम रुजला. १९५१ मध्ये मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन ही वेल्डिंग रॉड बनवणारी कंपनी निघाली. १९७५ मध्ये तिरुचिरापल्ली येथे वेल्डिंग संशोधन संस्था स्थापन झाली. परदेशी विमानासाठी जन्मलेली युक्ती अशा रीतीने आपल्या औद्योगिक वसाहतींपर्यंत पोचली.

टॉर्चची मांडणी

आता टॉर्च हातात घेऊ. त्यात मुख्य भाग चारच असतात. मधे टंग्स्टनची कांडी, तिला पकडणारी पितळी वा तांब्याची चिमट, त्याभोवती चिनी मातीचा कप आणि मागे टोपण. पाइपाच्या कामाला साधारणपणे २.४ मि.मी. जाडीची कांडी घेतात. कपाचा नंबर म्हणजे त्याच्या तोंडाचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागात. म्हणजे आठ नंबरचा कप अर्ध्या इंचाचा, सुमारे साडेबारा मि.मी. चा.

टॉर्च विजेच्या ऋण टोकाला आणि पाइप धन टोकाला जोडतात. इलेक्ट्रॉन टंग्स्टनमधून सुटून पाइपावर आदळतात, म्हणून सुमारे सत्तर टक्के उष्णता पाइपात जाते. उलट जोडले तर पाइप राहतो बाजूला आणि टंग्स्टनच वितळू लागते. शाळेत शिकवलेल्या इलेक्ट्रॉनच्या दिशेला इथे रोख किंमत असते.

टंग्स्टनमधून इलेक्ट्रॉन सहज सुटावेत म्हणून त्यात दोन टक्के थोरियमचे ऑक्साइड मिसळण्याची प्रथा पडली. तांबड्या टोकाची कांडी ती हीच. पण थोरियम किरणोत्सारी आहे. कांडी नुसती हाताळली तर धोका नगण्य, पण तिला धार लावताना उडणारी धूळ श्वासात गेली तर अल्फा कण फुप्फुसात घर करतात. म्हणून आता सेरियमची करड्या टोकाची किंवा लँथेनमची सोनेरी वा निळ्या टोकाची कांडी घेणे शहाणपणाचे. धार पेन्सिलीसारखी, व्यासाच्या दोन-अडीच पट लांब लावायची. ग्राइंडरचे ओरखडे कांडीच्या लांबीच्या दिशेने यावेत, आडवे नकोत. आडव्या ओरखड्यांवरून प्रज्योत भरकटते.

आता वायू. नवशिक्याला वाटते, जितका अधिक आर्गन तितके संरक्षण अधिक. प्रत्यक्षात उलटे होते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून दाखवले होते की प्रवाह संथ असेपर्यंत ती धार सरळ रेषेत जाते आणि वेग एका मर्यादेपलीकडे गेला की विस्कटून जाते. घरच्या नळाची तोटी हळूच सोडली तर धार काचेसारखी पारदर्शक दिसते, जोरात सोडली तर खवळते. आर्गनचेही तसेच. झोत खवळला की तो आजूबाजूची हवा आत ओढून घेतो. मिनिटाला सुमारे आठ ते बारा लिटर वायू पुरतो. झोत आणखी शांत करण्यासाठी कपाच्या आत बारीक जाळ्यांची चकती बसवतात. तिला ‘गॅस लेन्स’ म्हणतात. नाव लेन्स असले तरी ती प्रकाशाची नव्हे, ती झोताला वळण लावते. या जाळीमुळे टंग्स्टन कपाबाहेर अधिक काढता येते, टोक खाचेच्या तळापर्यंत पोचते आणि वेल्डरला वितळलेला थेंब नीट दिसतो. नीट दिसणे ही वेगाची पहिली पायरी आहे.

मनगटाची चाल

पाइपाचे टोक आधी उतरते घासतात. दोन टोके समोरासमोर आली की इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच होते. तळाशी अडीच-तीन मि.मी. फट ठेवतात. दोन्ही बाजूंचा इंचभर भाग चकचकीत होईपर्यंत घासतात. गंज, तेल किंवा रंग राहिला तर आर्गन हतबल होतो, कारण तो बाहेरच्या हवेला अडवतो, आतली घाण साफ करत नाही. हा नवसागरात आणि आर्गनमध्ये असलेला फरक. भरावाच्या तारेत थोडे सिलिकॉन आणि मँगनीज असते. पोलादात उरलेला ऑक्सिजन ते ओढून घेतात, नाहीतर सांध्यात बुडबुडे राहतात.

मग चार ठिकाणी टाके घालून पाइप सरळ आहे ना, हे पाहायचे. जमिनीला समांतर असलेल्या पाइपावर घड्याळातल्या सहाच्या जागेपासून सुरुवात करून एका बाजूने बारापर्यंत आणि मग दुसऱ्या बाजूने तसेच वर जायचे.

इथे खरी कला येते. टॉर्च हवेत अधांतरी धरला तर हात थरथरतो, टंग्स्टन वितळलेल्या धातूला टेकते, काम थांबते आणि पुन्हा धार लावावी लागते. म्हणून पाइपाचे वेल्डर कप खाचेच्या काठांवर टेकवतात आणि मनगट डावी-उजवीकडे डोलवत त्याला पुढे नेतात. या पद्धतीला ‘वॉकिंग द कप’, म्हणजे कप चालवणे म्हणतात. ती समजायला घरगुती गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस आठवावा. तो भरलेला सिलिंडर उचलत नाही. तो तिरका करतो आणि तळाच्या कडेवर फिरवत दारापर्यंत आणतो. भार जमिनीवर, दिशा हातात. कपाचेही तसेच. भार पाइपावर, दिशा मनगटात. टंग्स्टन आणि धातू यांतले दोन-तीन मि.मी. अंतर आपोआप कायम राहते आणि हात थकत नाही.

दुसरी युक्ती तारेची. शिकाऊ वेल्डर तार थेंबात बुडवतो, काढतो, पुन्हा बुडवतो. सराईत वेल्डर पहिल्या थरात तार फटीत टेकवूनच ठेवतो आणि प्रज्योत तिच्यावरून डावी-उजवी झुलवतो. दर बुडवणीला जाणारा वेळ वाचतो आणि तारेचे तापलेले टोक आर्गनच्या झोताबाहेर पडून काळे होत नाही. शेवटी प्रज्योत विझवल्यावरही टॉर्च काही सेकंद तिथेच धरायचा. धातू अजून तापलेला असतो, त्याला पांघरूण हवे असते. घाईने टॉर्च उचलणारा याच ठिकाणी फसतो.

वेगाचे गणित

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सांध्याच्या प्रत्येक मि.मी. लांबीत किती उष्णता जाते, हे काढायला सोपे सूत्र आहे. व्होल्टला अँपिअरने गुणायचे, मिनिटाच्या साठ सेकंदांनी गुणायचे आणि मिनिटाला किती मि.मी. पुढे गेलो त्याने भागायचे.

समजा, प्रज्योत १२ व्होल्टची, प्रवाह १२० अँपिअर आणि वेग मिनिटाला ८० मि.मी. उत्तर येते दर मि.मी. ला १०८० ज्यूल. आता प्रवाह १६० केला आणि वेग १२० केला, तर उत्तर ९६० ज्यूल. प्रवाह वाढवूनही सांध्याला मिळालेली उष्णता घटली! चार इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ११४.३ मि.मी. आणि परीघ सुमारे ३५९ मि.मी. असतो. एका फेरीला पहिल्या वेगाने साडेचार मिनिटे लागतात, दुसऱ्याने तीन. म्हणजे हात बसला असेल तर जलद सांधा कच्चा नसतो, उलट अधिक चांगलाही असू शकतो.

हे ज्यूल मोजायचे कशाला? याचे उत्तर आपल्याच राज्याच्या किनाऱ्यावर मिळते. तारापूरला १९६९ साली भारताची पहिली अणुवीज सुरू झाली. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. या जातीच्या अणुभट्ट्यांत जगभर एक दुखणे आढळले. स्टेनलेस पोलादाच्या पाइपांना वेल्डिंगच्या रेषेत नव्हे, तर तिच्या शेजारी बारीक तडे जात. कारण असे. सुमारे ४५० ते ८५० अंश सें. तापमानात पोलाद रेंगाळले की त्यातला कार्बन क्रोमियमला धरतो आणि स्फटिककणांच्या सीमेवर क्रोमियमचा दुष्काळ पडतो. गंजापासून रक्षण करणारे क्रोमियमच तिथे उरत नाही. वेल्डिंगने आत राहिलेला ताण आणि गरम पाणी मग आपले काम करतात. यावर कमी कार्बनचे पोलाद हा एक उपाय आणि उष्णता मोजून देणे हा दुसरा.

स्टेनलेस पोलादाला आणखी एक पथ्य आहे. बाहेरून आर्गन असला तरी पाइपाच्या आत हवाच असते. आतूनही आर्गन भरला नाही, तर सांध्याची आतली बाजू फुगून काळ्या, खरबरीत दाण्यांची होते. वेल्डर म्हणतात, ‘साखर झाली’. ही साखर कुणालाच नको असते!

खरी साखर करणाऱ्या कारखान्यांनाही सांध्याची काळजी असतेच. अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. अशा प्रत्येक कारखान्याचे हृदय म्हणजे बॉयलर. गळीत हंगाम संपला की नळ्या तपासायच्या, बदलायच्या आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा दाबाला लावायच्या. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे मेली आणि पुढच्या वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. १९२३ मध्ये तो देशव्यापी झाला, १९५० मध्ये त्याचे सविस्तर नियम झाले आणि २०२५ मध्ये नवा कायदा आला. बॉयलरच्या दाबाखालच्या भागांवर हात चालवणारा वेल्डर परीक्षा देऊन प्रमाणित झालेला असावा लागतो. त्याच्या सांध्याची क्ष-किरणांनी किंवा इरिडियम-१९२ च्या गॅमा किरणांनी छायाचित्रे काढतात. डोळ्याला न दिसणारी घाई त्या फिल्मवर काळ्या ठिपक्यांनी उमटते.

या सगळ्यात यंत्राची जागा वाढत आहे. १९६० च्या दशकापासून पाइपाभोवती स्वतः फिरणारे टॉर्च आले. स्वच्छ जागेतल्या एकसारख्या सांध्यांना ते उत्तम. पण बॉयलरच्या दोन नळ्यांच्या सांदीत, आरशात बघून उलट्या हाताने मारायच्या सांध्याला आजही माणसाचे मनगट लागते.

वर्गात काय करता येईल?

‘निष्क्रिय वायू कशाशीही अभिक्रिया करत नाहीत’ हे वाक्य मुले पाठ करतात आणि हे वायू बिनकामाचे, असा समज करून घेतात. त्यांना एक हिशेब घालावा. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गात १८० घनमीटर हवा असते. तिच्यात ०.९३ टक्का आर्गन, म्हणजे सुमारे १६७० लिटर. मिनिटाला दहा लिटर दराने एका वेल्डरला तो पावणेतीन तास पुरेल. मुले ज्या वायूत बसून धडा ऐकत आहेत, त्याने वेल्डरचे पावणेतीन तासांचे काम भागेल, हे ऐकून त्यांचे कुतूहल जागे होते.

दुसरा प्रश्न असा विचारावा की आर्गन विषारी नाही, तरी खड्ड्यात किंवा टाकीत आर्गन वेल्डिंग करताना माणूस का गुदमरू शकतो? तो जड आहे, तळाशी साचतो, त्याला वास नाही आणि तो ऑक्सिजनची जागा घेतो. उत्तर साधे आहे, पण ते ठाऊक नसल्यास जीव जाऊ शकतो. गावात वर्कशॉप असेल तर मुलांना पडद्यामागून काम दाखवावे. प्रज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये, तिच्या अतिनील किरणांनी डोळे भाजतात. विझलेल्या टॉर्चचे भाग मात्र हातात घेऊ द्यावेत आणि वेल्डरकाकांना मनगट डोलवून दाखवायला सांगावे.

दहावीनंतर आयटीआयला जाणाऱ्या मुलाकडे आपण पुष्कळदा ‘विज्ञान जमले नाही म्हणून गेला’ अशा नजरेने पाहतो. रॅले यांनी अर्धा टक्का फरक सोडून दिला नाही. चांगला वेल्डरही धार लावताना, फट मोजताना, प्रज्योत विझल्यावर टॉर्च धरून ठेवताना तेवढेच बारीक लक्ष देतो. त्याचा सांधा भिंतीत किंवा बॉयलरमध्ये गेला की पुन्हा कोणाला दिसत नाही. तो नीट झाला आहे की नाही, हे पहिल्यांदा त्याला एकट्यालाच कळते. ही शिस्त प्रयोगवहीतली आहे. आयटीआयकडे निघालेल्या मुलाला निरोप देताना त्याच्या शिक्षकाने ती त्याच्यासोबत द्यावी.